ध्रुवाकडे लाविलेला आंस

बीड जिल्ह्यांतील दिंद्रुडच्या माळावर उभें राहून उत्तरेकडे पाहिलें, तर ध्रुवाचा तारा क्षितिजापासून सुमारें १९ अंशांवरच दिसतो. हात पुढें ताणून एका मुठीवर दुसरी मूठ ठेवावी. तिच्या वरच्या कडेशीं तो सांपडतो. काशीस हाच तारा २५ अंशांवर असतो, लंडनास साडेएकावन्न अंशांवर चढतो, आणि विषुववृत्तावरच्या माणसाला तो क्षितिजाला टेकलेला दिसतो. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या स्थळाचे अक्षांश, हें आपल्या ज्योतिष्यांना फार पूर्वींपासून ठाऊक होतें. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं गोलयंत्र कसें बांधावें हें सांगितलें, त्यांत मध्यें जी सरळ काठी घालावयाची तिचें नांवच ध्रुवयष्टि. भास्कराचार्यांचें विज्जलविड म्हणजे हेंच बीड, असाही तर्क कोणीं कोणीं केला आहे. परंतु आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचें त्यांनीं स्वतःच सांगून ठेवलें आहे, आणि तें वर्णन बालाघाटाच्या पायथ्याला लागू पडत नाहीं. तो मान बीडकरांनीं सोडून द्यावा हेंच बरें.

त्यांच्या अभिमानाला जागा मिळेल अशी दुसरी एक गोष्ट आहे, व ती त्या मानानें अगदीं कालची आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याची वेधशाळा हैदराबादेस बेगमपेठ येथें होती, आणि दिंद्रुडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या साऱ्यांतील चार पैसे तिच्या खर्चांत गेलेच असतील. ते पैसे कशाच्या कामीं आले, हें समजण्यास आधीं दुर्बिणीचा आंस म्हणजे काय तें समजलें पाहिजे.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. चार मिनिटांत एक अंश. फोटो घ्यावयाचा तर दुर्बिणीनें ताऱ्यामागें तितक्याच गतीनें गेलें पाहिजे. यासाठीं ती अशा आंसावर बसवितात कीं, तो पृथ्वीच्या आंसाशीं समांतर राहील. मग घड्याळयंत्रानें तो एकच आंस फिरविला कीं काम भागतें. उज्जयिनीस सवाई जयसिंगानें उभारलेल्या सम्राट्‌यंत्राची तिरपी भिंत याच रीतीनें ध्रुवाकडे चढत गेली आहे. फरक इतकाच कीं, दगडाच्या भिंतीला मळसूत्रें नसतात. एकदां जशी साधली तशी ती साधली.

दुर्बिणीला मळसूत्रें असतात, पण तीं किती फिरवावीं हें सांगणारा ध्रुव स्वतःच पुरता विश्वासू नाहीं. पुराणांतला ध्रुव अढळ. आकाशांतला मात्र १९०८ च्या सुमारास खऱ्या ध्रुवबिंदूपासून एक अंशाहून अधिक दूर राहून त्याच्याभोंवतीं फिरत होता. आज तें अंतर पाऊण अंशाच्याही आंत आलें आहे. शिवाय दख्खनमध्यें तो इतका खालीं असतो कीं, हवेंतील वक्रीभवनामुळें तो आपल्या जागेपासून सुमारें ३ कला वर उचललेला दिसतो. तेव्हां ध्रुवाकडे दुर्बीण रोखून काम संपत नाहीं.

कायमच्या खांबावर बसविलेल्या दुर्बिणीचा आंस साधण्याची रीत सावकाशीची आहे. याम्योत्तर वृत्ताजवळचा, विषुववृत्तालगतचा एक तारा दृष्टिक्षेत्रांतल्या तारेवर धरावा आणि वाट पाहावी. तारा दक्षिणेस घसरूं लागला तर आंस पूर्वेकडे झुकला आहे. उत्तरेस गेला तर पश्चिमेकडे. तें सुधारल्यावर पूर्वेस नुकताच वर आलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेस गेला तर आंस खालीं आहे, उत्तरेस गेला तर वर. प्रत्येक वेळीं मळसूत्र थोडें फिरवून पुन्हां तसेंच बसावें. असें करतां करतां रात्री जातात. त्यांतून दख्खनची काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून खांबाचा पाया मुरुमाच्याही खालीं खडकापर्यंत न्यावा लागतो, आणि घुमटाच्या इमारतीचा त्याला स्पर्शही होऊं द्यावयाचा नसतो.

एवढी यातायात कशाला, एक माणूस डोळा लावून बसला म्हणजे तो तारा तारेवर धरून ठेवीलच, असें कोणासही वाटेल. मधला तारा तो धरून ठेवील हें खरें. पण आंस चुकला असेल तर सारें क्षेत्र त्या मधल्या ताऱ्याभोंवतीं हळूहळू वळत राहतें, आणि कांचेच्या कोपऱ्यांवरचे तारे ठिपके न राहतां वाकड्या रेघा होतात. त्यावर कोणत्याही पाहणाऱ्याचा इलाज चालत नाहीं.

महाराष्ट्रांत हें काम प्रथम मोठ्या प्रमाणावर पुण्यास झालें. भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनीं ५,००० रुपये दिले, तितकेच मुंबई सरकारनें घातले, आणि कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीं कॉलेज ऑफ सायन्समध्यें महाराजांच्या नांवाची वेधशाळा उभी केली. १८८८ मध्यें तेथें डब्लिनच्या ग्रबनें केलेली २० इंची आरशाची दुर्बीण आली. तिच्या साह्यानें नेगमवालांनीं मृगांतील तेजोमेघाचा वर्णपट तपासला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणास ते आपलीं यंत्रें घेऊन सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरला गेले. अमेरिकेंतील लिक वेधशाळेची मंडळीही तेथेंच उतरली होती. १९१२ मध्यें नेगमवाला निवृत्त झाले, आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली! दुर्बीण कोडाईकनालास गेली. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, कोडाईकनालचे सव्वादहा. सव्वाआठ अंशांनीं आंस खालीं आणल्यावांचून ती तेथें उपयोगी पडण्यासारखी नव्हती.

हैदराबादेची हकीकत वेगळी आहे. नबाब जफरजंग यांनीं १९०१ मध्यें हौसेनें ग्रबचीच १५ इंची भिंगाची दुर्बीण घेऊन वेधशाळेचा आरंभ केला. १९०७ मध्यें ते वारले, आणि दुसऱ्या वर्षीं राज्यानें ती आपल्या हातीं घेतली. पहिले संचालक चॅटवुड यांनीं बेगमपेठेस नव्या इमारती उभ्या केल्या, आणि फोटो घेण्यासाठीं असलेली कुक कंपनीची ८ इंची दुर्बीण प्रथम कामास लाविली. नबाबांची मोठी दुर्बीण मात्र १९२२ पर्यंत तशीच पडून राहिली. हौशी माणसाला हें रुचलें नसतें. पण काम कोणतें करावयाचें हें एकदां ठरलें होतें.

तें काम असें. १८८७ मध्यें पॅरिसला भरलेल्या परिषदेनें साऱ्या आकाशाचे फोटो घेऊन ताऱ्यांची यादी करावयाचें ठरविलें, आणि निरनिराळ्या देशांतील वेधशाळांनीं आकाशाचे पट्टे वाटून घेतले. दक्षिण क्रांतीच्या १७ ते २३ अंशांचा पट्टा चिली देशांतील सांतियागोच्या वांट्याला आला होता. तेथें तो तडीस जाईना. तेव्हां हैदराबादनें तो उचलला. ध्रुव खालीं असण्याची जी अडचण, तीच येथें सोय झाली. लंडनास हा पट्टा क्षितिजालगतच्या धुक्यांतून पाहावा लागला असता. बेगमपेठेस तो ५० अंशांहून वर येतो. दिंद्रुडलाही तो जवळ जवळ तितक्याच उंचीवर असतो. हस्त आणि अनुराधा या नक्षत्रांतील कांहीं तारे त्यांतलेच आहेत.

कांचेवर एक मिलिमीटर म्हणजे आकाशांतील एक कला, असें प्रमाण होतें. आंस १० कलांनीं चुकला, तर तासाभराच्या फोटोंत कोपऱ्यावरचा तारा सुमारें ४ विकला सरकतो. यादीसाठीं लागणाऱ्या सहा मिनिटांच्या फोटोंत ही चूक अर्ध्या विकलेच्या आंत येते. पण मोजणारा विकलेच्या अंशांचाच हिशेब करीत असतो.

१९१४ पासून पोकॉक यांनीं हें काम नेटानें चालविलें. १९१८ मध्यें ते हैदराबादेंतच वारले. पुण्याच्या अनुभवावरून पाहतां येथें सारें थांबावयास हवें होतें. तें थांबलें नाहीं. टी. पी. भास्करन यांनीं कारभार हातीं घेतला; १९१९ मध्यें वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली; आणि १९२९ पर्यंत पट्टा पुरा होऊन त्याचे खंड छापून निघाले. पुढें जर्मनींतील पॉट्सडॅमनें अर्धवट टाकलेल्या उत्तर पट्ट्यापैकीं ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादनेंच केला.

त्या आंकड्यांच्या खंडांवर नंतर धूळ बसली. नवीं साधनें आलीं, आणि जुन्या कांचांचें मोल काय असें विचारलें जाऊं लागलें. १९८९ मध्यें युरोपीय देशांनीं हिप्पार्कस उपग्रह सोडला, तेव्हां ताऱ्यांच्या जागा फारच बारकाईनें मिळाल्या. परंतु तारा स्वतः किती सरकला हें काढावयास त्याची जुनी जागा लागते, आणि ती कोणत्याही उपग्रहाला मागें जाऊन मोजतां येत नाहीं. २००० मध्यें २५ लक्ष ताऱ्यांची जी टायको-२ यादी प्रसिद्ध झाली, तिच्यांत ताऱ्यांच्या निजगती काढण्यासाठीं पॅरिसच्या परिषदेच्या त्या जुन्या यादीचा उपयोग केला गेला. दक्षिण क्रांतीच्या १७ ते २३ अंशांतील ताऱ्यांपुरत्या त्या जुन्या जागा बेगमपेठेच्या कांचांवर मोजलेल्या होत्या.