हाली शिक्क्यापासून एटीएमपर्यंत : परमुलखातला आपला पैसा

आज आपण इतिहासाच्या गप्पा मारणार आहोत, पण राजेरजवाड्यांच्या नाही. आपल्या कनवटीच्या पैशाच्या.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या बाया काशी, अयोध्या करून पशुपतिनाथाला गेल्या होत्या. काठमांडूत आमच्या एका मावशींना बरं वाटेना. दवाखान्यात नेलं, औषधपाणी झालं, बिल हातात आलं. जवळचे सुटे पैसे संपत आलेले. मावशी म्हणाल्या, "माझ्या खात्यात पैसे आहेत की, कार्ड आणलंय." आम्ही त्यांना धरून एटीएमपाशी नेलं. कार्ड आत गेलं, यंत्राने पिन विचारला आणि मावशी आमच्या तोंडाकडे बघायला लागल्या. पिन त्यांच्या मुलाला ठाऊक होता. मुलगा रात्रपाळीला, फोन बंद.

दुसरीने आपलं कार्ड घातलं. तिला पिन पाठ होता, पण कार्ड परदेशात चालण्यासाठी सुरूच केलेलं नव्हतं. तिसरीचं कार्ड तेवढं चाललं, कारण ती निघायच्या आधी बँकेत जाऊन विचारून आली होती. तिच्या पैशातून बिल भागलं. परत येताना बसमध्ये मावशी म्हणाल्या, "पैसा माझा, कार्ड माझं, त्याच्यावर नाव माझं, आणि आकडे पोराकडं!" ते वाक्य आमच्या मनातून जाईना. म्हणून म्हटलं, दुसऱ्याच्या मुलखात आपला पैसा कसा चालत आला, ते एकदा मुळापासून बघू.

परका मुलूख म्हणजे विमानात बसून जायचा, असं आपल्याला वाटतं. पण आपल्या नगर जिल्ह्याला परका पैसा हद्दीच्या पलीकडेच होता. 1948 पर्यंत बीड आणि औरंगाबाद हे भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. तिथे निजामाचं स्वतःचं चलन, त्याला म्हणायचे हाली शिक्का. आपल्याकडे इंग्रजांचा रुपया, तो कलदार. नेवासे, शेवगाव, पाथर्डी, जामखेड या तालुक्यांतल्या लोकांची सोयरीक पलीकडे, बाजारहाट पलीकडे. माहेर कलदारात आणि सासर हालीत, असा प्रकार! सहा कलदार रुपये दिले की सात हाली रुपये, असा दोहोंचा साधारण हिशेब होता.

पैसे बदलून द्यायचं काम सराफाचं. आज सराफ म्हटलं की आपल्याला सोन्याचं दुकान आठवतं, पण मूळ अरबी शब्दाचा अर्थ नाणी पारखून बदलून देणारा. बदलताना तो जे कापून घ्यायचा, तो बट्टा. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो हाच शब्द. हा बट्टा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा भेटणार आहे. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, पुढे काही वर्षांत हाली शिक्का बंद झाला आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच रुपया चालू लागला.

लांबच्या प्रवासाला नाणी कमरेला बांधून निघायचं म्हणजे चोराला आवतण. त्यावर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे हुंडी. इथल्या सावकाराकडे पैसे भरायचे, तो चिठ्ठी लिहून द्यायचा आणि काशीतला त्याचा आडत्या ती चिठ्ठी बघून पैसे मोजायचा. दाखवल्याबरोबर पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, ठरावीक दिवसांनी मिळायचे ती मुदती. आपल्या चौंडीला जन्मलेल्या अहिल्याबाईंनी 1780 च्या सुमारास काशीचं विश्वनाथ मंदिर पुन्हा उभं केलं. त्या काळी मोठी रक्कम एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायची तर हुंडीचा मोठा आधार असे. विचार केला तर एटीएम म्हणजे दर्शनी हुंडीच. पैसे इथे भरलेले, मिळतात तिथे, आणि मधल्या दोघांचा एकमेकांवर विश्वास.

आता थोडं समुद्रापलीकडे जाऊ. स्वातंत्र्यानंतरही कुवेत, बहरीन, कतार, दुबई या भागांत आपलाच रुपया चालत होता. पण त्या वाटेने सोन्याची चोरटी आयात होऊ लागली. म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. हजला जाणाऱ्यांसाठीही वेगळ्या हज नोटा निघाल्या, दहाच्या आणि शंभराच्या. जून 1966 मध्ये रुपयाची किंमत उतरवली गेली. पावणेपाच रुपयांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना झाला. त्यानंतर कतार आणि दुबईनेही रुपया सोडला. कुवेतने तर 1961 मध्येच आपला दिनार काढला होता.

तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा. त्या पिढीतली शिकायला अमेरिकेला गेलेली माणसं सांगतात, की खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलो. घरची ऐपत असली तरी जास्त नेता येत नव्हते. 1973 च्या परकीय चलन कायद्याने तर नियम आणखी कडक केले.

आणि मग आलं 1991. देशाकडे परकीय चलन इतकं आटलं, की जेमतेम दोनेक आठवड्यांची आयात भागली असती. तेव्हा सरकारने काय केलं? आपण अडीनडीला करतो तेच. सोनं गहाण टाकलं. रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं मुंबईहून परदेशी पाठवलं आणि त्यावर कर्ज उचललं. मैत्रिणींनो, मुलीच्या फीसाठी पोत सावकाराकडे ठेवताना आपला जीव कसा होतो, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पुढे दिवस पालटले. जून 2000 पासून जुन्या कायद्याच्या जागी नवा, सैल कायदा लागू झाला आणि साध्या माणसालाही परदेशात आपला पैसा वापरणं सोपं झालं.

तोवर यंत्रही आलेलं होतं. 27 जून 1967 रोजी लंडनच्या एनफिल्ड भागात बार्कलेज बँकेने नोटा देणारं यंत्र बसवलं. ते घडवणारे जॉन शेफर्ड-बॅरन जन्मले होते आपल्या शिलाँगमध्ये. ते सांगत, की पिन सहा आकड्यांचा ठेवायचं त्यांच्या मनात होतं. पण स्वयंपाकघरात बसून बायकोला, कॅरोलाइनला विचारलं तर ती म्हणाली, माझ्या चारच आकडे लक्षात राहतात. म्हणून पिन चार आकडी झाला. पिनची कल्पना आधी कुणाची, यावर वाद आहे. जेम्स गुडफेलो या स्कॉटिश माणसाने 1966 मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण कॅरोलाइनची गोष्ट आम्हाला आवडते. एका बाईच्या लक्षात राहावा म्हणून पिन चार आकडी झाला म्हणतात, आणि आमच्या मावशींना स्वतःचा पिन माहीत नव्हता! भारतात असं यंत्र आलं 1987 मध्ये, मुंबईत.

आता कामाचं ऐका. परदेशातल्या एटीएममध्ये कार्ड घातलं, की ते यंत्र कार्डाच्या जाळ्यामार्फत इथल्या आपल्या बँकेला विचारतं. बँक पिन आणि शिल्लक तपासते, होकार देते. तिथे तिथल्या नोटा निघतात, इथे खात्यातून रुपये वजा होतात. त्यावर तिथल्या बँकेचं शुल्क लागू शकतं, आपल्या बँकेचं लागू शकतं, आणि चलन बदलण्याचा आकार वेगळा. म्हणून रोज थोडे थोडे काढू नयेत, लागतील तेवढे हिशेबाने एकदाच काढावेत.

काही देशांत यंत्र विचारतं, "हिशेब भारतीय रुपयांत करू की इथल्या चलनात?" रुपये बघून आपल्याला हायसं वाटतं, आणि तिथेच बट्टा लागतो. रुपयांतला भाव तिकडचा यंत्रवाला ठरवतो, तो बहुधा महाग असतो. तिथलंच चलन निवडावं.

2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, की नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू करून मिळतं. परदेशातला वापर आपण सांगून सुरू करायचा आणि परत आल्यावर बंद करायचा. जनधन खात्याचं साधं रुपे कार्ड बाहेर चालेलच असं धरून चालू नका, बँकेत विचारा.

नेपाळचं वेगळं आहे. तिथे 1993 पासून आपल्या शंभर रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये, हा भाव पक्का आहे. 2016 च्या नोटबंदीत आपल्या जुन्या नोटा तिकडच्या लोकांकडे अडकून पडल्या. डिसेंबर 2018 मध्ये नेपाळने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांना बंदी केली. असे नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी ताजा नियम विचारून घ्या. 2024 पासून तिथल्या बऱ्याच दुकानांत आपल्या फोनवरून क्यूआर कोडनेही पैसे देता येतात.

यात्रेहून आल्यावर गटाच्या पहिल्याच बैठकीत आम्ही एक ठराव केला. बचतीचा हप्ता भरायच्या आधी प्रत्येकीने बँकेत किंवा एटीएमवर जाऊन, स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन बदलून यायचा. कागदावर लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही, पोरालाही नाही. पहिला नंबर मावशींनी लावला. नव्या पिनने पाचशे रुपये काढले आणि नोट हातात घेऊन बाहेर आल्या. मुलाने विचारलं, "आई, आकडा काय ठेवला?"

मावशी म्हणाल्या, "तुला कशाला रे?"

तुमच्यापैकी कितीजणींना आपला पिन पाठ आहे? उत्तर आम्हाला नको. एटीएमला द्या.