कडवे : डोळ्यांपेक्षा कानाची खूण

कवितेतील ठरावीक चरणांच्या समूहास कडवे म्हणतात. छापील पुस्तकात दोन कडव्यांमध्ये कोरी जागा असते. त्यामुळे कडवे ही डोळ्यांनी ओळखण्याची गोष्ट, असा समज शाळेपासूनच रूढ होतो. जुन्या हस्तलिखितांत मात्र मजकूर सलग असे. दंड आणि क्रमांक एवढीच लेखी खूण. खरी खूण कानाला पटत असे.

लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईचे आद्यकवी मुकुंदराज यांचा ‘विवेकसिंधु’ (परंपरेनुसार शके १११०, म्हणजे इ. स. ११८८) ओवीबद्ध आहे. ग्रंथांतील ओवीला सामान्यतः चार चरण असतात. पहिल्या तिन्हींच्या अखेरीस यमक, तर चौथा आखूड व यमकाविना. तीनदा सारखा नाद ऐकलेला कान चौथ्यांदाही त्याचीच वाट पाहतो. तो येत नाही, आणि तेथेच वाचणाऱ्याला श्वास मिळतो. अक्षरसंख्येचे बंधन सैल असल्याने गहन विचारही या साच्यात सहज मावतो. याच अंबाजोगाईच्या दासोपंतांचा (१५५१-१६१५) ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगितला जातो. एवढा पल्ला अधिक काटेकोर वृत्तात गाठणे अवघडच!

कडव्याची निवड विषयानुरूप कशी होते, हे नांदेडशी ज्यांचे नाव निगडित आहे त्या वामन पंडितांकडे पाहिल्यास कळते. गीतेवरील टीका ‘यथार्थदीपिका’ त्यांनी ओवीत लिहिली. आख्यानांसाठी मात्र बव्हंशी श्लोक योजले. श्लोकाचे चारही चरण सामान्यतः एकाच मापाचे. प्रत्येक श्लोकात एक प्रसंग वा एक चित्र बांधून कथा पुढे सरकते.

अभंगाची गोष्ट निराळी. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण असून दुसऱ्या-तिसऱ्यात यमक असते. शिवाय भजनात ध्रुपद पुन्हा पुन्हा येते. म्हणून प्रत्येक कडव्याचा शेवट ध्रुपदाशी जुळेल असा असावा लागतो. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई यांची रचना गाऊन ऐकल्यावर अधिक उलगडते, ती यामुळे.

याच मराठवाड्यात, औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), वली व सिराज यांची गझल बहरली. गझलेचा शेर दोन ओळींचा आणि अर्थाने स्वयंपूर्ण असतो. शेरांना जोडतात ते वृत्त, काफिया आणि रदीफ. पुढे सुरेश भटांनी हा बंध मराठीत दृढ केला.

पाठ्यपुस्तकांत किंवा गायनात जागा-वेळेअभावी कडवी गाळली जातात, तेव्हा हा भेद ध्यानात घेणे अगत्याचे ठरते. गझलेतील एखादा शेर वगळला तरी उरलेले शेर उभे राहतात. आख्यानातील श्लोक वगळला तर कथेचा दुवा तुटतो. ओवीबद्ध ग्रंथात तर एकच वाक्य कधी कधी पुढील ओवीत पूर्ण होते. तेथे निवडक ओवी छापताना मागची-पुढची ओवी पाहिल्यावाचून कात्री लावू नये.