विहार समितीचा हिशोब: सभासदांपुढे काय, कधी आणि कसा मांडावा

विहार समिती असो, जयंती मंडळ असो की वाचनालय चालवणारी संस्था, तिचा पैसा आपल्याच लोकांच्या वर्गणीतून आणि दानातून येतो. तरीही हिशोब विचारला की 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे उत्तर मिळते. हे उत्तर आम्हाला मान्य नाही. आपल्या चळवळीत ही रीत जुनी आहे: २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने आपल्या कामाचे रिपोर्ट छापून लोकांपुढे ठेवले होते.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३२ नुसार विश्वस्तांनी नियमित हिशोब ठेवायचा असतो. कलम ३३ प्रमाणे तो दरवर्षी साधारणपणे ३१ मार्चला बंद करून लेखापरीक्षण करायचे असते. ताळेबंद अनुसूची आठमध्ये, उत्पन्न-खर्च पत्रक अनुसूची नऊमध्ये. पण हे सगळे धर्मादाय कार्यालयासाठी. सभासदांना मधल्या काळात किती वेळा हिशोब द्यायचा, हे संस्थेच्या घटनेवर आहे. बहुतेक घटनांत वार्षिक सभेपलीकडे काही नसते. म्हणून पहिले काम घटना काढून वाचण्याचे.

वर्षातून एकदा हिशोब का पुरत नाही, हे जयंतीवरून कळते. वर्गणी मार्चमध्ये सुरू होते, खर्च १४ एप्रिलच्या आसपास होतो आणि मध्ये ३१ मार्च येतो. जमा एका वर्षात, खर्च दुसऱ्या वर्षात. वार्षिक पत्रकात आधी पैसा शिल्लक दिसतो आणि पुढच्या वर्षी अचानक तूट. गैरव्यवहार नसला तरी संशय सुरू होतो. उपाय सोपा आहे: जयंतीचा जमाखर्च वेगळा ठेवावा आणि महिन्याभरात, बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास, वाचून दाखवावा. मंडप, डीजे, भोजनदान यांची देणी राहिली असतील तर तीही सांगावीत.

एरवी दर पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटे पुरतात. एक पान बस: मागील शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक. रोख किती आणि बँकेत किती, हे मात्र वेगळे लिहावे. 'शिल्लक बारा हजार' म्हणून भागत नाही. त्यातले नऊ हजार खजिनदाराच्या घरी असतील तर सभासदांना ते कळले पाहिजे. छतासाठी किंवा बुद्धमूर्तीसाठी आलेले दान इतर खर्चात मिसळू नये. सिमेंटच्या गोण्या, तांदूळ अशा वस्तूंचीही नोंद हवी. दानपेटी पदाधिकारी नसलेल्या दोघांसमोर उघडून त्यांच्या सह्या घ्याव्यात. आणि पावतीपुस्तके! कोणते पुस्तक कोणाकडे गेले, कोणते परत आले, याची यादी नसेल तर बाकी हिशोब कितीही नेटका असो, त्याला अर्थ नाही.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. नंदुरबार, नवापूर, शहादा भागातले कितीतरी तरुण सुरतेकडे कामाला असतात. ते पौर्णिमेला येऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी सही केलेल्या पानाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा. धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात जिथे रेंजचा भरवसा नाही, तिथे विहाराच्या भिंतीवर कागद लावणेच बरे. बँकेचे आख्खे स्टेटमेंट मात्र ग्रुपवर टाकू नये. त्यात देणगीदारांची माहिती असते.

हिशोब मिळतच नसेल तर? आधी अध्यक्ष-सचिवांना लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी वादाला काही किंमत नाही. नोंदणीकृत सोसायटीचा कोणताही सभासद या कायद्याने 'हितसंबंधित व्यक्ती' आहे, त्यामुळे तो धर्मादाय कार्यालयात तक्रार करू शकतो. कलम ३७ खाली तिथले अधिकारी संस्थेची कागदपत्रे तपासू शकतात. संस्थेने त्या कार्यालयात दाखल केलेल्या लेखापरीक्षण अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते. अर्जाची फी १० रुपये आहे, प्रतींचे पैसे वेगळे.