तळटीप : ‘पिवळी पिन लाव’
३. पिवळी पिन : १९९० च्या दशकात व्हिडिओ गेम टीव्हीला दोन प्रकारे जोडत. अँटेनाच्या वायरीने जोडला, की चित्र आणि आवाज एकाच लहरीवर चढत व टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागत. त्यात मुंग्या येत, रंग पसरत. पिवळ्या पिनेतून चित्र थेट जाई, म्हणून स्वच्छ दिसे. पण टीव्हीला या पिनेची (एव्हीची) खाच नसेल तर अँटेनाचीच वाट. आजच्या टीव्हीवर मात्र याच पिनेचे चित्र अनेकदा धूसर दिसते : गेमच्या सुमारे २४० सलग ओळींना टीव्ही अर्धे चित्र समजतो आणि दोन अर्धी जोडू पाहतो. उपाय : गेम आणि टीव्हीच्या मध्ये ओळी दुप्पट करणारी डबी. – संपा.