एकाच कामाची चार नावं : संशोधनातले शब्द आणि कारंज्याची ग्रंथभांडारं

सिनॉप्सिस लिहायला घेतला की पहिली अडचण शब्दांची येते. समजा, तुमचा विषय आहे 'अनेकांनी मिळून केलेली नवनिर्मिती'. एक पेपर तिला ओपन इनोव्हेशन म्हणतो, दुसरा को-क्रिएशन, तिसरा युजर इनोव्हेशन, चौथा क्राउडसोर्सिंग. आता यातला कुठला घ्यायचा?

घाई करू नका. आधी प्रत्येक शब्दाचं माहेर बघा. एरिक फॉन हिपेल यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की वैज्ञानिक उपकरणांतल्या कित्येक सुधारणा ती वापरणाऱ्यांनीच केल्या. तिथून युजर इनोव्हेशन आलं. हेन्री चेसब्रो यांच्या २००३ च्या पुस्तकातल्या ओपन इनोव्हेशनच्या मध्यभागी कंपनी असते. को-क्रिएशन सी. के. प्रल्हाद आणि वेंकट रामस्वामी यांनी रुळवलं. त्यात ग्राहक कंपनीसोबत मूल्य घडवतो. क्राउडसोर्सिंग म्हणजे खुलं आवाहन करून अनोळखी लोकांकडे काम सोपवणं. हा शब्द २००६ मध्ये जेफ हाऊ यांनी आणला.

आता हे शब्द आपल्या कारंजा लाडच्या एका जुन्या कामाला लावून बघू. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत पिढ्यानपिढ्या हस्तलिखितं जपली गेली. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली आणि हा साठा अभ्यासकांच्या नजरेत आला. १९३१ मध्ये प. ल. वैद्य यांनी पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' संपादित केलं. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजचे प्रा. हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ' (१९३३) आणि 'करकंडचरिउ' (१९३४) संपादित केले. (हे दोन हिरालाल वेगळे बरं का!) जुनं अपभ्रंश काव्य असं छापून हाती आलं, तेही कारंज्याहून निघालेल्या ग्रंथमालांतून.

याला काय म्हणाल? कंपनी नाही, म्हणून ओपन इनोव्हेशन बसत नाही. खुलं आवाहन नव्हतं, म्हणजे क्राउडसोर्सिंगही नाही. को-क्रिएशन जवळचं वाटतं, पण इथे ग्राहक कोण? आणि ज्यांनी हाताने नकला केल्या, ज्यांनी पोथ्या वाळवीपासून वाचवल्या, ते या चारही शब्दांत नीट दिसत नाहीत. शब्द चुकला तर तुमच्या प्रबंधातून माणसं गळतात, मुद्दा हा आहे.

एकमेकांत गुंतलेले शब्द सोडवायचे कसे, हेही कारंज्याच्याच इतिहासातून शिकता येतं. इथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांची भट्टारक-पीठं होती. जुन्या मूर्तिलेखांत 'मूलसंघ, सरस्वतीगच्छ, बलात्कारगण' अशी नावं ओळीने येतात. नवख्या वाचकाला वाटतं, या तीन संस्था. प्रत्यक्षात मूलसंघ मोठा, त्याच्या पोटात बलात्कारगण, आणि सरस्वतीगच्छ हे व्यवहारात त्याच गणाचं दुसरं नाव. सेनगणही मूलसंघातलाच, काष्ठासंघ मात्र निराळा. विद्याधर जोहरापूरकर यांनी 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) या ग्रंथात असे लेख जमवून एकेक परंपरा वेगळी मांडली.

तुम्हीही तेच करा. प्रत्येक दोन शब्दांसाठी विचारा : हे एकाचीच दोन नावं आहेत का? एक दुसऱ्याच्या पोटात आहे का? की दोन्ही फक्त काही भागात एकमेकांवर येतात? कंपनीने केलेलं क्राउडसोर्सिंग ओपन इनोव्हेशनच्या पोटात बसतं. पण कंपनीशिवायही क्राउडसोर्सिंग होतं, म्हणून ते दोन शब्द एक नाहीत.

मग एका कागदावर चार रकाने पाडा : शब्द, तो कुठल्या विद्याशाखेतून आला, त्याच्या मध्यभागी कोण आहे, त्यातून कोण सुटतं. डेटाबेसमध्ये शोधताना चारही शब्द टाका, नाहीतर अर्धं साहित्य हातचं जाईल. प्रबंधात मात्र एकच मुख्य शब्द ठेवा आणि तो का निवडला ते पहिल्या प्रकरणात लिहा. व्हायव्हात हा प्रश्न येतोच. तेव्हा चौथ्या रकान्याचं उत्तर तयार असू द्या.