धूर मोजायचा कोणी? कामठा, मुंबई आणि सुरतेच्या चिमण्यांचा इतिहास

१/
इतिहासाचे धागे बहुधा गड, लढाया आणि तह यांभोवती गुंफले जातात. आजचा धागा चिमणीतून निघणाऱ्या धुराचा आहे. कारखान्याने प्रदूषणाचा कायदा पाळला की मोडला, हे राज्यसंस्थेला कळते कसे? आणि तिला सांगितले जाते ते खरे असते का? आरंभ गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यापासून करू.

२/
कामठा हे जुन्या जमीनदारीचे ठाणे. १८१८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांच्या अंमलाखाली जात असताना येथील जमीनदार चिमणा पटेल याने उठाव केला. कॅप्टन गॉर्डनच्या फौजेने तो मोडून काढला आणि जमीनदारी पुढे लोधी घराण्याकडे गेली. १८६० च्या दशकात भंडारा जिल्ह्यात इंग्रजी जमीनबंदोबस्त झाला (गोंदिया १ मे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग होता). शेत, तलाव, पीक, लगान, सारे कागदावर आले. सरकारने जमिनीचा तुकडा न् तुकडा मोजला, कारण तिच्यातून महसूल येत होता. धुरातून काहीच येत नव्हते. तो मोजण्याचे कारण कोणाला पडले नाही.

३/
हा मुलूख धानाचा. रेल्वे आल्यावर गोंदिया तांदळाच्या व्यापाराचे केंद्र झाले आणि राईस मिल उभ्या राहिल्या. एक क्विंटल धान भरडले की साधारण २० किलो तूस निघते. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान वाफवावे लागते आणि त्यासाठी बॉयलरमध्ये हेच तूस जाळतात. २० किलो तुसाची राख भरते ४ किलोच्या आसपास, आणि तिच्यात बहुतांश सिलिका. बॉयलरची धूळ पकडण्याची व्यवस्था नीट नसेल तर यातला काही भाग चिमणीवाटे बाहेर पडतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, माणसांच्या छातीत जाऊन बसतो. तो किती, हाच आपला प्रश्न.

४/
आपल्याकडे या प्रश्नाला पहिले कायदेशीर उत्तर गिरण्यांच्या शहरांनी शोधले. कलकत्त्यासाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये धूर-उपद्रव कायदा झाला. त्यासाठी आयोग आणि निरीक्षक नेमले गेले. पण निरीक्षकाने मोजायचे कशाने?

५/
उत्तर पॅरिसहून आले होते. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या प्राध्यापकाने १८८० च्या दशकाअखेर एक तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांच्या जाळ्या; पहिल्या क्रमांकात २० टक्के काळेपणा, दुसऱ्यात ४०, असे करत पाचवा पूर्ण काळा. तक्ता दूर टांगला की रेषा एकमेकींत मिसळून करडी छटा दिसते. निरीक्षकाने ती छटा चिमणीच्या धुराशी ताडून पाहायची आणि दाट धूर किती मिनिटे निघाला ते टिपून घ्यायचे. कलकत्त्यात ही पद्धत रुळली. साधन किती साधे! ना यंत्र, ना रसायन. दोष उघडच होता: रात्री तक्ता दिसत नाही, ढगाळ दिवशी छटा फसवते, आणि शेवटी साक्ष एका माणसाच्या डोळ्यांची.

६/
येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थबकावे असे एक वळण आहे. १९१५ मध्ये खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेकडून विजेकडे वळू लागल्या. मग त्यानंतर धूर जितका घटला, त्याचे श्रेय १९१२ च्या कायद्याला द्यायचे की खोपोलीच्या पाण्याला? नुसते आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून हे सांगता येत नाही. त्यासाठी ज्यांना नियम लागू झाला आणि ज्यांना झाला नाही, अशा सारख्याच गिरण्यांची तुलना हवी. ती होण्यास शतक लोटावे लागले.

७/
दरम्यान कायदे वाढले. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी. त्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. हवेचा केंद्रीय कायदा १९८१ चा, पण संपूर्ण महाराष्ट्र त्याच्या कक्षेत आला तो ६ नोव्हेंबर १९९६ रोजी. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. मानके ठरली, संमतीपत्रे आली, उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी वर्गवारी झाली.

८/
मापही बदलले. आता तक्त्याऐवजी माणूस चिमणीची शिडी चढतो, ठरलेल्या छिद्रातून नळी आत घालतो आणि वायू ज्या वेगाने वर चालला आहे त्याच वेगाने तो ओढून घेतो. आतल्या थिंबलमध्ये, म्हणजे टोपणासारख्या गाळणीत, धूळ अडकते. थिंबलचे आधीचे वजन आणि नंतरचे वजन यांतून आकडा निघतो: एका घनमीटरमागे इतके मिलिग्रॅम. अनेक उद्योगांसाठी मर्यादा १५० ची. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण तिची खोच अशी की नमुना घेतात त्या दिवशी बॉयलर मंद चालवला तर आकडाही मंद येतो.

९/
आता गुजरातकडे वळू, जो १९६० पर्यंत आपल्याबरोबर मुंबई राज्यातच होता. तेथे १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशातून एक योजना आली. जास्त प्रदूषणकारी कारखान्यांनी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून वार्षिक तपासणी करून घ्यायची आणि अहवाल मंडळाला द्यायचा. परीक्षक निवडायचा कारखान्याने, पैसेही द्यायचे कारखान्याने. परीक्षकाचे पोट ज्याच्या हाती, त्याचीच परीक्षा! निकाल काय लागणार, हे कोणीही सांगितले असते. पण सांगणे वेगळे, सिद्ध करणे वेगळे.

१०/
एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या मंडळाबरोबर ते सिद्ध केले. अहमदाबाद आणि सुरत भागांतील ४७३ कारखाने घेतले आणि सोडत काढून त्यांचे दोन गट केले. एका गटात जुनी रीत चालू ठेवली. दुसऱ्या गटात परीक्षक सोडतीने नेमला, त्याचे मानधन ठरावीक ठेवून सामायिक निधीतून दिले आणि त्याने मोजलेली काही ठिकाणे इतरांकडून पुन्हा मोजून घेतली. पुढच्या वर्षी अचूकतेसाठी बक्षीसही ठेवले.

११/
जुन्या रीतीच्या अहवालांत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते ७ टक्के. प्रत्यक्ष फेरमोजणीत ते निघाले ५९ टक्के. मला याहून बोलका वाटतो तो आकड्यांचा आकार: अहवालांतील वाचने १५० च्या किंचित खाली येऊन दाटीवाटीने बसली होती. निसर्गात असे घडत नाही. दप्तरात घडते.

१२/
दुसऱ्या गटात खोटे ‘सर्व ठीक’ लिहिण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. आणि आकडे खरे होताच धूरही कमी झाला, विशेषतः सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्यांचा. २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१५ मध्ये गुजरातने लेखापरीक्षणाचे नियम बदलले. कायद्याची मर्यादा १५० च राहिली होती. बदलले होते ते आकडा लिहिणाऱ्याचे मालक.

१३/
याच मंडळींनी दुसऱ्या एका प्रयोगात निवडक कारखान्यांवरील सरकारी तपासण्या दुपटीने वाढवून पाहिल्या. भेटी वाढल्या, नोंदी वाढल्या, धूर मात्र फारसा हलला नाही. कारण वाढीव भेटी सोडतीने ठरत होत्या. कोणाकडे जायला हवे हे अनुभवी अधिकाऱ्याला ठाऊक असते आणि तो स्वतःच्या मर्जीने जाई तेव्हा अट्टल कारखाने नेमके गाठत असे. वार्षिक अहवालात ‘इतक्या तपासण्या केल्या’ असे अभिमानाने छापले जाते, तेव्हा हा प्रयोग आठवावा.

१४/
महाराष्ट्राने निराळा मार्ग धरला. जून २०१७ मध्ये आपल्या मंडळाने मोठ्या कारखान्यांना चिमणीतील धूलिकणांच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे देऊन ते सर्वांसाठी संकेतस्थळावर मांडण्यास आरंभ केला. या कल्पनेचे मूळ इंडोनेशियात आहे. तेथे १९९५ पासून कारखान्यांना सोनेरी ते काळा असे रंग दिले जातात. त्यापूर्वी हे नमुने मंडळाच्या दप्तरात पडून असत. ते बाहेर आणणे हेच, माझ्या मते, या योजनेचे खरे पाऊल. पण पायथ्याशी असलेला नमुना खोटा असेल तर वरचा ताराही खोटाच.

१५/
म्हणून यंत्राकडे ओढ. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना अखंड मोजणारी यंत्रे बसवण्यास सांगितले. त्यात औष्णिक वीजकेंद्रेही येतात. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे केंद्र आहे. डिसेंबर २०१५ मध्ये अशा केंद्रांसाठी कडक मानके आली. पूर्ततेची मुदत २०१७ ची होती. ती पुढे वारंवार वाढवली गेली. यंत्र दर मिनिटाला आकडा देते, पण मुदत सरकल्यावर त्याने दिलेला आकडा कोणाला टोचत नाही.

१६/
यंत्राचा सर्वांत चतुर उपयोग पुन्हा सुरतेने केला. २०१९ मध्ये तेथे धूलिकणांचा बाजार सुरू झाला: एकूण धुरावर मर्यादा, आणि तिच्या आत परवान्यांची खरेदी-विक्री. बाजारातील कारखान्यांचा धूर इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटला. त्यातील एक नियम मला फार आवडतो. यंत्राचे वाचन आले नाही, तर त्या काळासाठी कारखान्याच्या नावे चढा आकडा धरतात. त्यामुळे यंत्र ‘बंद पडणे’ परवडत नाही.

१७/
अशी यंत्रे मोठ्या चिमणीलाच पेलतात. कामठा परिसरातील तुसावर चालणाऱ्या लहानशा बॉयलरचा धूर मोजायचा, तर आजही कोणीतरी शिडी चढायची आणि थिंबल तोलायचे. त्या माणसाचा पगार कोण देतो, एवढे तेवढे विचारून ठेवावे.