मॅनिंगचा ‘एन’ आणि भिवंडीची भातखाचरे

भिवंडी शहरातून वाहणारी कामवारी नदी पुढे खाडीला मिळते. मुसळधार पाऊस आणि भरती एका वेळी आली की तिचे पाणी काठच्या सखल वस्त्यांत शिरते. हे पाणी कुठे, केव्हा, किती चढेल याचे गणित आज संगणकावर मांडतात. पाऊस आणि जमिनीचे चढउतार ही माहिती त्यासाठी लागतेच. शिवाय जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक आकडा द्यावा लागतो. तिथला पृष्ठभाग पाण्याला किती अडवतो, हे सांगणारा हा खडबडीतपणाचा गुणांक म्हणजे ‘मॅनिंगचा एन’. पाण्याची खोली आणि उतार तेच ठेवून एन दुप्पट केला, तर प्रवाहाचा वेग निम्मा होतो.

गंमत अशी, की हा एन मॅनिंगचा नव्हेच! तो आला गांगिये आणि कुटर या स्विस अभियंत्यांच्या १८६९च्या सूत्रातून. रॉबर्ट मॅनिंग हे आयर्लंडमधले अभियंते. १८८९ साली डब्लिनमध्ये त्यांनी आपला निबंध वाचला, तेव्हा त्यात हा एन नव्हता. आज त्यांच्या नावाने चालणारे सूत्र तर त्यांना स्वतःलाच पसंत नव्हते. त्यात घनमूळ काढावे लागे, आणि दोन्ही बाजूंच्या मितीही जुळत नसत. कुटर यांचा एन त्या सूत्रात बसवला तो नंतरच्या लोकांनी.

या सूत्रांमागची मोजमापे होती कालव्यांची आणि नद्यांची. आपल्याकडेही अ‍ॅलन कनिंगहॅम यांनी १८७४ ते १८७९ या काळात रुडकीला गंगेच्या कालव्यावर असेच प्रयोग केले. पूर मात्र पात्र सोडून शेतात, रस्त्यावर, घरात जातो. तिथला एन कुठून आणायचा? व्हेन ते चौ यांच्या १९५९च्या पुस्तकातला तक्ता यासाठी जगभर वापरतात. त्यात आखूड गवताला ०.०३०, उभ्या पिकाला ०.०३५ ते ०.०४०, दाट झुडपांना ०.१०० असे आकडे आहेत. १९६७ साली अमेरिकेत बार्न्स यांनी प्रत्यक्ष मोजलेल्या पात्रांची रंगीत छायाचित्रेच छापली. चित्राशी आपली नदी ताडून पाहायची आणि एन ठरवायचा. आम्हाला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात माणसाला नदीवर जावे लागते.

आता उपग्रहाच्या नकाशावरून काम होते. जमिनीचे शेती, झाडी, बांधकाम, पाणथळ असे वर्ग पाडायचे आणि वर्गागणिक एकेक एन द्यायचा. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९९५मध्ये आणलेल्या ‘हेक-रास’ या प्रणालीत, २०१६च्या आवृत्तीपासून, पूर जमिनीवर दोन्ही दिशांना पसरताना पाहता येतो. अशा वेळी हे वर्ग फार उपयोगी पडतात.

पण भिवंडीचा नकाशा समोर घ्या. ‘शेती’ म्हणजे इथे भातखाचर. चौ यांच्या तक्त्यात भातखाचर नाही. जुलैत नुकतीच लावणी झालेली असते. पाण्याला अडवतात ते रोपांपेक्षा बांध, आणि पाणी बांधांवरून गेले की तोही अडथळा फारसा उरत नाही. एकच खाचर, पण पाण्याच्या खोलीप्रमाणे त्याचा एन बदलतो. ‘बांधकाम’ या वर्गाची तऱ्हा याहून अवघड. मुंबईच्या जकातीबाहेरची जागा म्हणून काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात गोदामे वाढली. गोदामासमोरच्या काँक्रीटचा एन ०.०१५च्या आसपास, म्हणजे पाणी धावतच जाणार. आणि शेजारची भिंत? ती पाणी पुढे जाऊच देत नाही. दोघांना मिळून एक आकडा देणे म्हणजे धोंडा आणि घसरगुंडी यांची सरासरी काढणे! अशा जागी इमारती नकाशात उंचवटा म्हणून वेगळ्या दाखवाव्यात आणि मधल्या मोकळ्या जागेला तिचा स्वतःचा एन द्यावा, हे बरे.

निवडलेला एन बरोबर की चूक, हे ठरते मागच्या पुराच्या खुणांवरून. भिंतीवरची चिखलाची रेघ आणि संगणकातली पातळी जुळेपर्यंत एन कमीजास्त करतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुराच्या खुणा या भागासाठी मोलाच्या आहेत. मात्र त्यांच्याशी जुळवलेला एन २००५च्या जमिनीचा आहे, आणि तेव्हाच्या कित्येक खाचरांवर आज भराव घालून गोदामे उभी आहेत.